न मोजलेले ठोके

वाशीम, नर्सिंगच्या पोरींचं होस्टेल
४ ऑगस्ट २०२५

आत्या,

आधी माहा जयभीम घे, मंग पायजे तेवढ्या शिव्या दे. फोनवर माहा आवाज आयकला की तू कट करतं. चार वर्षं झाले आता. म्हणून म्हणलं चिठ्ठी टाकून पाहावं, चिठ्ठी काही कट करता येत नाही. फाडायची असन तं फाड, पण आधी वाचजो. वाचता येत नाही असं सोंग नोको करू. वंदनेचं पुस्तक तू चष्म्याबिगर वाचतं, मले माहीत आहे.

आत्या, काल माह्या हातावर लेकरू झालं!

माह्या म्हणजे माह्याच. आमच्या शिकवणाऱ्या रत्नमाला मॅडम मांगं उभ्या होत्या, पण हाताची घडी घालून. डोकं आलं, खांदा आला, आन् मंग व माय, सारं लेकरू सटकन माह्या हातात! गरम, ओलं, आन् असं चिडेल की जसं मीच त्याले झोपीतून उठवलं. मी जोऱ्यानं ओरडली, "पोरगी!" तं मॅडम म्हणे, "ज्योत्स्ना, आईला सांग. भिंतीला काय सांगतेस?" मी भिंतीकडे तोंड करून ओरडून राह्यली होती. साऱ्या जणी हासल्या. ती बाई तुह्या शेलूबाजारचीच, तीबी हासली. दुपारी मी जेवाचंच भुलली.

आता चिठ्ठी काहून, ते सांगतो. यंदा आमाले एक वही भेटली आहे, चिंतन-वही. परतेक बाळंतपणानंतर तीन सवालाचे जवाब लिहायचे. काय झालं, मले काय वाटलं, पुढच्या बारीनं काय येगळं करीन. बस. पण येवढ्यातच साऱ्या पोरी रडकुंडीले आल्या. काय झालं हे तं पुस्तकातून उतरवता येते, पण काय वाटलं याच्याखाली काय लिहावं? माही रूममेट संस्कृती, तिनं अकरा पानावर "मले आनंद वाटला" लिहिलं. त्यातल्या एका पानाच्या दिवशी तं ती सोताच चक्कर येऊन पडेल होती!

माही वही वापस आली तं त्यात लाल शाईनं एकच ओळ. "बाई दिसली, बाळ दिसलं. तू कुठं आहेस?"

मी भांडायले गेली. माही सवय तुले माहीतच आहे. मॅडमनं आयकून घेतलं आन् म्हणे, "जिच्यापुढे तुझं खोटं चालत नाही अशी कोणी आहे का? तिला पत्र लिहितेस असं समजून लिही." मले तूच आठवली. ल्हानपणी लोणच्याच्या बरणीत कोणं हात घातला, हे तू आमचे हात न पाहता तोंडावरूनच वळखायची. तं हे पान वहीत राहीन, आन् त्याची झेरॉक्स तुले.

काय वाटलं? भेव वाटलं, आन् भेवाच्या वरतं भल्ली खुशी. पुढच्या बारीनं भिंतीशी बोलणार नाही.

तुही
ज्योत्स्ना


लेबर रूम
१९ ऑगस्ट, दुपारचे दोन

आत्या,

ड्युटीवर बसूनच लिहून राह्यली. मॅडम शेजारच्या वार्डात आहेत. आज माह्याकडे एकच बाई आहे, रुपाबाई, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. तिसरी खेप. लय गोड बाई आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीले जाणार, त्याच्या आत मोकळी कर म्हणते मले, जसं काही ते माह्याच हातात आहे. दर अर्ध्या तासानं तिच्या पोटातल्या लेकराचे ठोके मोजायचे आन् तक्त्यावर लिहायचे. सकाळपासून पाहा, एकशेचाळीस, एकशे बेचाळीस, एकशेचाळीस. काही फिकीर नाही.

म्हणून म्हणलं तुले ते सांगून टाकावं, नाही तं मी फुटून जाईन. मांगच्या सोमवारी मॅडमनं आमाले भोंगा शिकवला. ल्हानसा कर्णा समज. एक तोंड बाईच्या पोटाले, दुसरं आपल्या कानाले. मशीन आहे आमच्याकडे, पण मॅडम म्हणतात मशीन आज आहे, उद्या नाही, कान संगंच राह्यते. पुरं एक मिनिट मोजायचं. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. मी कान लावला, डोळे मिटले, आन् आत्या, मले तूच दिसली!

तू असंच करायची. पोटावर कान, डोळे मिटेल, आन् बोटानं आपल्याच मांडीवर टकटक. आमी पोट्टे दाराच्या फटीतून पाहून हासायचो, वच्छलाआत्या झोपली म्हणून. झोपेल कायची! तू मोजून राह्यली होती! कोणं शिकवलं तुले? मी भर वर्गात हे सांगतलं. मॅडमनं खडू खाली ठेवला आन् म्हणे, "तुझ्या आत्याला भेटायला आवडेल मला." मी भोंगा पुसायले लागली.

आन् आता खरी खबर. ठहर, रुपाबाई पाणी मांगते.

देल्लं. हासून राह्यली आहे, मजेत आहे. अडीच झाले. एकशेचाळीस.

हं, तं खबर आयक. वैभवीताईले दिवस गेले! सातवा चालू आहे. तिनं इतके दिवस कोणाले कळूच देल्लं नाही, पहिल्याचं तसं झालं म्हणून. धम्मरत्न भाऊजी तिले पाण्याची बकेट उचलू देत नाहीत, ती त्यायच्यावर ओरडते, आन् मंग दोघंबी हासतात. बाळंतपण दवाखान्यातच करायचं ठरलं. पण ताई म्हणते, पाठीवर हात आत्याचाच पायजे. आमच्या इथं आता बाईच्या पसंतीची एक सोबतीण आत येऊ देतात. कोण पायजे म्हणून इचारलं तं ताईनं पटकन तुहं नाव घेतलं. बाबानं मान खाली घातली. मी म्हणलं, मी लिहितो आत्याले.

आता समजलं ना चिठ्ठी काहून? वही तं आहेच, पण खरं काम हे आहे. ऑक्टोबर सरता सरता, नाही तं नोव्हेंबर लागता लागता. तू येशीन ना? माह्यासाठी नोको येऊ. ताईसाठी ये.

तीन वाजले. एकशेचाळीस. तुह्या त्या मांडीवरच्या टकटकीचं अजून एक सांगायचं


१९ ऑगस्ट, सांज

आत्या आत्या आत्या!

मघाची चिठ्ठी अर्धीच राह्यली कारण रुपाबाई एकदम ओरडली. डोकं दिसून राह्यलं होतं! मॅडम पळत आल्या. लेकरू आलं ते निळं. हातपाय लोंबकळेल. रडलंच नाही. मी कोरडं पुसलं, पाठ चोळली, पायाच्या तळव्याले टिचक्या मारल्या. काही नाही. रुपाबाई मान उचलून इचारते, "बाई, रडत काहून नाही?" मॅडमनं तोंडावरचा मास्क आन् फुगा माह्या हातात देल्ला. म्हणे, "तू दे. मी आहे."

मी फुगा दाबला. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. छाती वर येऊन राह्यली होती येवढंच मले दिसत होतं. आन् मंग त्यानं नाक मुरडलं, आत्या! आधी नाक मुरडलं, मंग मांजरावानी आवाज केला, आन् मंग जो बोंबलला! पोरगा आहे. पावणेतीन किलो. गुलाबी झाला. मी उडी मारली तं मांगचा ट्रे खाली पडला, त्याच्या आवाजानं तो अजूनच बोंबलला. रुपाबाईच्या सासूनं माहे दोन्ही गाल धरले आन् तिच्या भाषेत काय काय बोलली, मले एक शबद समजला नाही आन् सारं समजलं.

मॅडमनं मंग तक्ता पाह्यला. म्हणे, "शेवटपर्यंत एकशेचाळीस? आणि बाळ एवढं निळं?" मी म्हणलं, "हो मॅडम."

असं होते कधी कधी. सारं ठीक आहे. बाकी काही नाही.

ज्योत्स्ना


३१ ऑगस्ट

आत्या,

तुहं उत्तर नाही. मी रोज होस्टेलच्या बाईले इचारतो, ती आता मले पाहूनच मान हालवते.

रुपाबाईचं पान मॅडमकडून तीनदा वापस आलं. पहिल्या डावी लाल शाई, "तू कुठं आहेस?" दुसऱ्या डावी, "अजून नाही दिसलीस." तिसऱ्या डावी काहीच लिहेल नव्हतं. फकत "काय वाटलं" याच्याखालच्या रिकाम्या जागेले गोल केला होता.

तं घे, लिहितो. अडीचचे आन् तीनचे ठोके मी मोजलेच नाहीत.

भोंगा टेबलावर होता, हाताच्या अंतरावर. मशीनबी होती. काहीच अडचण नव्हती, आत्या. मी तुले चिठ्ठी लिहून राह्यली होती! ठोके कसे पुरं एक मिनिट मोजावं, हे तुले फुशारक्या मारत सांगून राह्यली होती, आन् दोन पावलावर रुपाबाईच्या लेकराचा जीव मंदावून राह्यला होता. आधीचे एकशेचाळीस होते म्हणून मी एकशेचाळीस लिहिलं, तक्त्यावरबी आन् तुह्या चिठ्ठीतबी. तुह्याकडे ती चिठ्ठी आहे, काढून पाह्य. मले सोताचाच इतका राग येऊन राह्यला की पेन कागदातून आरपार गेला.

हे पान मॅडम वाचतीन. मंग परीक्षेले बसू देतीन का नाही, माहीत नाही. पण आता सुरू झालीच आहे तं पुरं लिहून काढतो, कारण खरी गोष्ट येवढीच नाही आन् ते तुले माहीत आहे.

चार वर्षाआधीचा मे महिना. सारे लग्नाले मालेगावले गेले होते. घरी तू, मी आन् ताई. तारीख पंधरा दिवस पुढं होती, पण ताईले सकाळीच कळा लागल्या. एक वाजता तू बाहेर आली आन् म्हणली, "ज्योती, लेकराचे पाय खाली आहेत. हे माह्या हातचं नाही. १०८ ले फोन लाव, आताच्या आता." आंगणात रेंज नव्हती. रेंज पाण्याच्या टाकीपाशीच भेटे. मी टाकीवर गेली नाही. ताई माहंच नाव घेऊन ओरडून राह्यली होती, तिचा हात माह्यानं सोडवला नाही. आंगणातूनच दोनदा लावला, लागला नाही. तू आतून इचारलं, "लागला?"

मी म्हणलं, "लागला. निंगाले."

मले वाटलं तू करशीनच. तुह्या हातानं आख्खं गाव जलमलं, ताई जलमली, मी जलमली. सव्वादोनले मलेच भेव वाटलं तवा मी टाकीवर पळाली. खरा फोन तवा लागला. गाडी लवकरच आली, पण लेकरू त्याच्या आधीच गेलं होतं. आन् खबर आयकून माणसंबी तेवढ्यात लग्नाहून वापस आली, आंगण भरलं, तवा मी साऱ्याईसमोर तुह्याकडे बोट केलं. म्हणलं, "आत्यानंच उशीर केला. हिच्या हातानं गेलं ते लेकरू."

गाडीवाला तठीच उभा होता. तो म्हणला, फोन तं सव्वादोनले आला. कोणाचं ध्यान नव्हतं, सारे रडून राह्यले होते. तू आयकलं. तू माह्याकडे पाह्यलं, पिशवी उचलली आन् निंगून गेली. त्यानंतर तू कोणत्याच बाळंतपणाले गेली नाही असं आयकलं.

न मोजता एकशेचाळीस लिहिलं. न लागता लागला म्हणलं. एकच गोष्ट आहे, आत्या, मी दोनदा केली. पहिल्या डावी त्याची शिक्षा तू भोगली. तू चार वर्षं तोंड उघडलं नाही, बाबासमोरबी नाही, ताईसमोरबी नाही. काहून? मी रडून लिहून राह्यली पण मले हलकंबी वाटून राह्यलं, हे तुले सांगायची लाज वाटते. तिसरा सवाल मी रिकामा सोडला आहे. तिथं लिहायच्या आधी घरी जाणं आहे.

ज्योती


२२ सप्टेंबर

आत्या,

आधी मॅडमचं सांगतो. पान वाचून त्यायनं मले बोलावलं. मी बॅग भरूनच गेली होती, खरंच! मॅडमनं रुपाबाईचा तक्ता समोर ठेवला. म्हणे, "खोडायचं नाही. एक रेघ मारायची, वर खरं लिहायचं, खाली सही." मी दोन्ही एकशेचाळीसवर रेघ मारली. वर लिहिलं, मोजले नाही. सही केली. माह्या नावाची येवढी जड सही मी कधीच केली नव्हती. मंग मॅडमनं ते वर पाठवलं. शिक्षा भेटली. दोन महिने माह्या हातावर एकबी बाळंतपण नाही. दुसऱ्या पोरी बाळंतपण करतीन, मी फकत उशाशी बसून ठोके मोजायचे आन् जोऱ्यानं बोलून दाखवायचे. परीक्षा मात्र देता येईन.

आन् रुपाबाईचा पोरगा मस्त आहे! लस द्यायले आली होती. मी तिलेबी सांगतलं, मॅडम संगं होत्या. तिनं पोराले पदराआड घेतलं. मले वाटलं आता जाईन. मंग म्हणे, "आता मोजतं का?" मी म्हणलं, "मोजतो." ती म्हणे, "मंग बस," आन् पोरगा माह्या मांडीवर देल्ला. त्यानं माहा युनिफॉर्म ओला केला.

आता घरचं. परवा गेली होती. बाबा, ताई, भाऊजी जेवायले बसले होते. मले वाटलं जेवण होऊ द्यावं, मंग वाटलं नाही, मंग मी बोलणारच नाही. बोलून टाकलं सारं. बाबाच्या हातातला घास ताटात पडला. ते म्हणे, "माह्या बहिणीले मी चार वर्षं दारात उभं केलं नाही." येवढंच. उठून बाहेर गेले.

ताईनं माह्याकडे पाह्यलंच नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निंगाली तं दारात येऊन म्हणे, "हात मले आत्याचाच पायजे होता, तरी चार वर्षं मी मनातल्या मनात तिले जे जे बोलली, ते मले वापस घ्यायचं आहे, आन् तोंडावर घ्यायचं आहे. तिले आण. आत्या आल्याबिगर मी त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही." तुले माहीत आहे ती किती हट्टी आहे. पहिल्याचे पाय खाली होते. याचं कसं आहे ते तपासून सांगतलं आहे, डोकं खाली आहे, पण घरी करायचा खेळ नाही हा. माह्या एका खोट्यापायी एक लेकरू गेलं. दुसऱ्याचं असं व्हायले नोको.

माफ नोको करू मले. कट कर माहा फोन जलमभर. पण ये.

ज्योती


२५ ऑक्टोबर

आत्या!!!

आज दुपारी जीपवाल्यानं होस्टेलच्या दारात एक गाठोडं आणून देल्लं. म्हणे, शेलूबाजारहून एका म्हाताऱ्या बाईनं देल्लं, चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी तठीच पायरीवर बसून सोडलं. आत जुनं लुगडं! दहा पाण्यानं धुऊन मऊ केलेलं, किनार फाडून येगळी काढेल, चौघडी घालून!

संस्कृती म्हणे, "हे काय, फाटकं लुगडं कायले पाठवलं?" मी तिले हलवून हलवून सांगतलं, अवं येडे, माही आत्या ज्या घरी बाळंतपणाले जाणार असन ना, त्या घरी आठ दिवस आधी लेकरू गुंडाळायले धुतलेलं लुगडं पाठवे! लुगडं आलं की घरच्या बाया म्हणत, झालं, वच्छला येते. तिले काही समजलं नाही पण मी नाचून राह्यली म्हणून तीबी नाचली. होस्टेलची बाई ओरडली. ओरडू दे!

ताईले फोन केला. ती म्हणे, "कोणत्या रंगाचं?" मी म्हणलं, हिरवं. तं ती रडायले लागली. म्हणे, ते आजीचं आहे. मले माहीत नव्हतं.

मी ते उन्हात वाळवून, इस्त्री करून, प्लास्टिकात बांधून ठेवलं आहे. ताईले तीन तारखेले भरती करून राह्यलो. माह्याशी बोलू नोको पायजे तं. लुगड्यानं बोलली तेवढं बस झालं.

ज्योती


९ नोव्हेंबर

आत्या,

तू काल गेली, आन् आज मी वहीत ताईचं पान लिहायले बसली. तू सारं डोळ्यानं पाह्यलं, तरी तुलेच लिहितो, कारण आता सवय झाली.

तू आली ते जीपमधून उतरून सरळ ताईपाशी गेली. माह्याकडे पाह्यलं नाही. ताई तुह्या गळ्यात पडून काय बोलली ते मी आयकलं नाही, मी मुद्दाम दूर उभी राह्यली. अंगावर हिरवा गाऊन आन् डोक्यावर टोपी घालून तू अशी दिसत होती की मले त्या भेवातबी हासू आलं. मॅडमनं तुले वाकून नमस्कार केला आन् भोंगा पुढं केला. तू तो उलटापालटा करून पाह्यला, खाली ठेवला आन् सरळ पोटाले कान लावला. डोळे मिटले. मांडीवर टकटक.

तू म्हणली, "सात इसाले दोन कमी."

मॅडम माह्याकडे पाहायले लागल्या. मी म्हणलं, वीस वीसच्या ढिगानं मोजते आत्या. सात वीसा एकशेचाळीस, त्यात दोन कमी. मॅडमनं मशीन लावली. एकशे अडोतीस! आत्या, मॅडमनं आपली वही उघडून हे लिहून घेतलं, मी पाह्यलं!

मंग रातभर नाही, फकत सकाळपासून दुपारपर्यंत. दर अर्ध्या तासाले मी मोजायची, पुरं मिनिट, आन् जोऱ्यानं बोलायची. तू ताईची पाठ चोळत मान हालवायची. एकशे छत्तीस. एकशेचाळीस. तो एकशेचाळीस लिहिताना माहा हात थांबला. मी पुन्हा कान लावला, पुन्हा पुरं मिनिट मोजलं. एकशेचाळीसच होते. आन् तू पहिल्यांदा माह्याकडे पाह्यलं.

आन् दीडले मी मोजलं तं शहाण्णव. मी ओरडली, "शहाण्णव!" या डावी भिंतीकडे नाही, मॅडमकडे तोंड करून. ताईले डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरले बोलावलं, तू ताईच्या कानात म्हणत राह्यली, "लाव जोर माय, लाव जोर, मी आहे ना." नाळेचा एक येढा गळ्याले होता. मॅडमनं काढला. आन् कोणी टिचकी मारायच्या आधी, फुगा उचलायच्या आधी, सोताच्याच जिवावर बोंबलली ती! पोरगी! हिरव्या लुगड्यात गुंडाळली तं तिनं तुहं बोट धरून ठेवलं.

हे सारं मी लिहायले बसली, वही उघडली, तं पान आधीच लिहेल होतं. शिसपेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात. मी ताईसाठी चहा आणायले गेली होती तवा लिहिलं ना तू? मी ते दहा डाव वाचलं. तसंच्या तसं उतरवतो, म्हणजे तुले समजन की मी वाचलं.

"काय झालं. वैभवीले पोरगी झाली. दोगी बऱ्या हायेत.

मले काय वाटलं. चार वर्सानं हात गरम झाले.

पुढच्या बारीनं काय येगळं करीन. त्या दिवशी म्या पोरीले येकडाव इचारलं, लागला का. ते हो म्हनली. तिच्या तोंडावरूनच मले समजलं होतं का लागला नाही. तरी म्या दुसऱ्यानं इचारलं नाही. मले बी वाटलं, मीच करीन, माह्या हातानं आख्खं गाव जलमलं. म्हनून म्या कोनाले सांगतलं नाही. पुढच्या बारीनं धा डाव इचारीन."

मॅडमले दाखवलं. त्यायनं वाचलं, लाल पेन उघडला, थोडा वेळ तसाच धरला, आन् झाकण लावून खिशात ठेवून देल्ला.

आत्या, मी पेन्सिल घेऊन बसली होती, तुह्या पानाखाली लिहायले की तुही काही चूक नव्हती. मंग नाही लिहिलं. तू मोजून लिहिलं आहे, मी कायले खोडू.

येत्या रविवारी मले सुट्टी आहे. मी शेलूबाजारले येतो. निंगायच्या आधी फोन लावतो, या डावी उचलजो. लागला तं लागला म्हणीन, नाही लागला तं नाही लागला म्हणीन.

ज्योती